मास्तरांचा स्वतःचा रंग

भेस्तानात आजवर जेवढी माणसं राहून गेली असतील, त्या सगळ्यांचा रंग आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना ठाऊक होता. फक्त स्वतःचा नव्हता. हयात पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापडाचे शेड जुळवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर कापड सुटलं, तेव्हा ते माणसांकडे वळले. प्रत्येकाभोवती रंगाची एक कड असते आणि रोज थोडा सराव केला तर ती कुणालाही दिसते, असं त्यांचं ठाम मत. सराव म्हणजे काय, तर माणसाला जिन्यातल्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीशी उभं करायचं, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर नजर ठेवायची आणि ती ढिली सोडायची. "देखानं नही, बहिनी, दिसू देवानं," असं ते आपल्या अहिराणीत बजावत. आणि हे सगळं सकाळच्या उजेडातच. ट्यूबलाइटखाली पास केलेला तागा हमखास परत येतो, हा मिलचा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. दूधवाला, गॅसवाला, मुलगी पाहायला आलेले पाहुणे, त्या भिंतीच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. शेजारच्या एका होणाऱ्या व्याह्यांना त्यांनी "तुमचा मेहंदी कलर आहे, पण लॉट नीट मिक्स झाला नाही," असं सांगितलं आणि ते लग्न मोडता मोडता राहिलं.

मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. आज नातवंडं मला बिलंदर म्हणतात, पण पंचेचाळिशीतली मी म्हणजे नुसता आव होता. बिल्डिंगमधल्या बाकीच्या बायकांआधी आपल्याला दिसलं पाहिजे, या हट्टापायी पंधरा दिवस डोळे तारवटून बसले. नवऱ्याच्या पोळ्या करपल्या, पण कड काही दिसेना. शेवटी भिंतीशी उभ्या असलेल्या मास्तरांच्या बायकोकडे बघून ठोकून दिलं, गुलाबी! मास्तर शांतपणे म्हणाले, "कोनता? रानी, गाजरी का कांदी?" मी राणी म्हटलं. "तो तिना लुगडाना से," म्हणाले, आणि मला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं.

तरी स्वतःचा रंग ते मलाच विचारत. आरशात कड दिसत नाही, आणि बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारलं तर त्या म्हणत, तुमचा रंग तुमच्या बनियनमध्ये उतरलाय, जन्मभर तोच धुतेय मी. मी मात्र दर महिन्याला नवा रंग पुरवायची. मोरपंखी, चिंतामणी, एकदा तर सोनेरी. मास्तर ऐकून घेत आणि म्हणत, सराव सोडू नको.

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी जिना नाकारला आणि मुलानं त्यांना शिरपूरकडच्या गावी बोलावून घेतलं. सामान टेम्पोत चढलं, वहिनी पुढे बसूनही झाल्या, आणि मास्तर मात्र भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"आज खरं सांग, बहिनी. मंग कोन सांगी माले?"

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी पाहत राहिले. एका भुवईत चार लांब पांढरे केस. शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच कुठल्या शर्टाचं. इतका वेळ मी कधी कुणाकडे पाहिलं नव्हतं, नवऱ्याकडेसुद्धा नाही.

"कड दिसत नाही, भाऊ," मी म्हटलं. "कधीच दिसली नाही. तुम्ही दिसताय."

"कसा से मी?"

"फिके झालात. पण रंग पक्का आहे."

माल पास झाल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. पाठभर भिंतीचा चुना लागला होता. मी तो झटकला नाही.