माधवीताईंनी खुर्ची का सोडली

माधवीताई त्रिलोकेकरांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मला आधी हसूच आलं. ताईंशी माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचा स्टुडिओ आहे. टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीची ही मुंबईतली शाखा. चित्रकाराच्या जागेसाठी मी तिथे मुलाखतीला गेलो होतो. समोर सुती साडीतल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी उराशी धरून नेलेली चित्रं त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमचा सगळ्यात आवडता गेम कुठला? आणि त्यातलं काय काढून टाकाल?"

मी म्हटलं, "काहीच नाही. आवडतो म्हणजे आवडतो."

"असं कसं? आवडत्या माणसातलंसुद्धा आपण काहीतरी काढतोच की."

झालं! मुलाखत राहिली बाजूला आणि मी त्या गेमची वकिली करत सुटलो. मी लालबागचा. आमच्या चाळीत कोणी हळू बोललं तर शेजारी तब्येतीची चौकशी करतात. बाहेर पडलो तेव्हा नोकरीवर पाणी सोडून निघालो होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो परब, सोमवारपासून या. भांडता चांगलं. ऐकायचं आम्ही शिकवू."

ताईंबद्दल चांगलं लिहिणारे या ग्रंथात पुष्कळ आहेत. मी लिहायला बसलो त्याला मात्र एक कारण आहे. ताईंनी दोन वर्षांपूर्वी स्टुडिओप्रमुखाची खुर्ची सोडली, ती का सोडली याबद्दल आमच्याच ऑफिसात काहीबाही बोललं जातं. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खरं काय घडलं ते ठाऊक असलेला तिथला मी एकटाच आहे.

ताई गिरगावातल्या फणसवाडीतल्या, आजही तिथेच राहतात. घराणं मुंबईतलं फार जुनं. आजोबा सॉलिसिटरच्या कचेरीत, वडील बँकेत. ताई स्वतः फोर्टातल्या एका कंपनीत पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहीत. चाळिशीच्या तोंडावर ती पक्की नोकरी सोडून त्या गेमच्या धंद्यात आल्या, तेव्हा नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. माझ्या आईनेही मला विचारलंच होतं, "खेळूक पगार देतत? खराच?"

पहिली कित्येक वर्षं आमच्या वाट्याला उरलंसुरलं काम यायचं. परदेशातल्या स्टुडिओंचे मोठमोठे गेम, आणि आम्ही त्यांच्यासाठी पिंपं, दारं आणि गवत काढायचं. नायक उडी मारून ज्या पिंपाआड लपतो ते पिंप आमचं, नायक त्यांचा. मी वैतागायचो. ताई म्हणायच्या, "पिंप असं काढा की त्यांनी विचारलं पाहिजे, हे कोणी काढलं?" आणि खरोखरच एक दिवस विचारणा झाली. कंपनीच्या सगळ्या गेमचा कारभार पाहणारे साहेब मुंबईत आले. आमच्या बोलण्यात ते नेहमी 'पहिले साहेब'. ताईंनी त्यांच्यासमोर आमचा स्वतःचा गेम मांडला, आणि साहेबांनी मान डोलावली.

त्या गेमचं नाव 'चावीवाला'. पहाटे लांब लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीत पाणी सोडणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गेम खेळणारा तोच माणूस होतो. एक चावी उघडली की दुसऱ्या गल्लीतली धार बारीक होते. कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाकडे लग्न, कोणी एकटं म्हातारं माणूस. कोणाला आधी द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. एकट्याने, शांतपणे खेळायचा गेम. मारामारी नाही की बंदुका नाहीत. आम्ही जीव ओतला त्यात.

आणि होती शनिवारची बैठक. हा ताईंचा खास रिवाज. त्या आठवड्यात जेवढा गेम झाला असेल तेवढा शनिवारी बाहेरच्या माणसाने खेळून पाहायचा, आणि तोही एरवी कंट्रोलरला, म्हणजे खेळायच्या बटणांच्या यंत्राला, हात न लावणाऱ्या. बनवणाऱ्यांनी मागे ओळीने बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. खेळणारा भिंतीला धडकू दे, चुकीच्या गल्लीत शिरू दे, हूं की चूं करायचं नाही. एकदा मी न राहवून "अहो, डावीकडे!" असं ओरडलो. ताईंनी मला बाहेर काढलं आणि दाराच्या काचेतून बघायला लावलं. परत आत घेतलं तेव्हा म्हणाल्या, "गेम विकला गेल्यावर लोकांच्या घरी जाऊन ओरडणार आहात का?"

खेळायला बहुतेक वेळा ताईंच्या शेजारच्या सुलूमावशी येत. सत्तरी ओलांडलेल्या, गिरगावातल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या. पडद्याकडे पाहत त्या तावातावाने भांडायच्या. "अरे मेल्या, वरच्या मजल्यावर अजून थेंब नाही आणि तू निघालास कुठे?" त्यांचं भांडण ऐकलं की आम्हाला कळायचं, गेम जमतोय.

कामात ताई कडक होत्या, पण माणसाची वेळ ओळखायच्या. माझी आई परळच्या इस्पितळात होती तेव्हा ऑफिस सुटल्यावर त्या डबा घेऊन यायच्या. एकदा कोलंबीचं भानोलं, त्यांच्याकडची बेसनात भाजलेली खरपूस वडी, आणलं. मालवणी माणसाला मासळीतलं कोणी शिकवायला जाऊ नये, पण आईने घास घेतला आणि आमच्या स्टुडिओप्रमुखांना सरळ म्हणाली, "ह्यां काय गो केलंस? बरां झालां हा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र खुर्ची ओढून तिथेच बसल्या आणि कृती सांगू लागल्या. आई बरी होऊन घरी आली तेव्हा पहिलं भानोलं तिने केलं, आणि ते बिघडल्याचं खापर माझ्यावर फोडलं.

गेम अर्ध्यावर आला आणि पहिले साहेब गेले. कंपनीचं पत्रक आलं: कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी. या धंद्यात मोठ्या माणसांना कुटुंबाचा पुळका नेमका कामाच्या मध्यावर येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांच्या जागी दुसरे साहेब आले आणि त्यांनी धोरणच फिरवलं. एकट्याने खेळायचे गेम बंद. आता सगळं ऑनलाइन. हजारो लोकांनी एकत्र खेळायचं, वर्षानुवर्षं खेळायचं आणि दर आठवड्याला काहीतरी विकत घ्यायचं. 'चावीवाला'सुद्धा तसाच झाला पाहिजे, असा निरोप आला.

मी म्हटलं, "ताई, एका गल्लीत शंभर चावीवाले पळवायचे? हा काय गोविंदा आहे?"

ताई म्हणाल्या, "आधी गेम जगवू या, परब. मग त्याला शहाणा करू."

इथे ताई चुकल्या. गौरवलेखात असं लिहू नये म्हणतात, पण न लिहिलं तर पुढचं कळणार नाही. त्यांनी साहेबांना होकार दिला. ऑनलाइनचं काम येणाऱ्या तरुण मुलामुलींची आख्खी तुकडी भरती केली. मुलं हुशार होती, चांगल्या नोकऱ्या सोडून आली होती. त्यांच्यात ऋतुजा नावाची मुलगी होती, तिचं काम बघून मी माझा सगळा राग गिळला. वर्षभराहून जास्त आम्ही सगळे मिळून आमचा गेम बिघडवत राहिलो. सोनेरी चाव्या आल्या, गुलाबी चाव्या आल्या, दुसऱ्याचं पाणी पळवण्याच्या शर्यती आल्या.

मग एका शनिवारी सुलूमावशी आल्या. बसल्या, थोडं खेळल्या. भांडल्या नाहीत. कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. चहा सांगितलाय का?"

मागे बसलेल्यांचे चेहरे उतरले. 'छान आहे हो' म्हणजे काय, हे आपल्याकडे मुलगी बघायला गेलेल्या प्रत्येकाला कळतं. ताई उठल्या, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. परब ओरडत होते, मी ऐकलं नाही. आपण मागे फिरतोय." एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने असं बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलेलं नाही.

आम्ही मागे फिरतोय तोवर दुसऱ्या साहेबांनाही कुटुंबाची आठवण झाली. तिसरे साहेब आले, आणि धोरण पुन्हा फिरलं. ऑनलाइनचा नाद बंद. चांगले गेम करा आणि ते आपल्याच कन्सोलपुरते न ठेवता इतर कंपन्यांच्या कन्सोलवरही विका. ज्या स्टुडिओकडे दाखवायला काही नसेल त्याला टाळं. तिसरे साहेब स्वतः पाहायला मुंबईला आले. जुना गेम आम्ही धूळ झटकून उभा केला होता. साहेब खेळले, गुंगले, चुकीच्या गल्लीत अडकले. आम्ही गप्प बसलो. खेळून झाल्यावर म्हणाले, "हा गेम होणार."

पुढचं बोलणं साहेबांच्या खोलीत झालं, तिथे ताई आणि मी दोघंच होतो. साहेब माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "गेम राहील, पण ऑनलाइनसाठी घेतलेली तुकडी ठेवता येणार नाही. त्यांचं कामच उरलेलं नाही."

ताई म्हणाल्या, "गेम इतर कन्सोलवर न्यायचाय ना? ते काम ही मुलं करतील."

"ते दुसऱ्या देशातली शाखा करते. मला मुंबईचा खर्च उतरवायचाय."

ताईंनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग इथली सगळ्यात महाग खुर्ची माझी आहे. ती काढा. स्टुडिओ थेट तुमच्या हाताखाली घ्या, आणि ते काम मुलांना द्या."

साहेबांनी विचारलं, "विचार करून बोलताय ना?"

"नाही. विचार करत बसले तर बोलणं व्हायचं नाही."

साहेबांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना पुन्हा बोलावून मान्य केलं. आम्ही खाली रस्त्यावर आलो तेव्हा माझा तोल गेला. "ताई, वेड लागलंय का तुम्हाला? सगळा जन्म या एका गेमसाठी घालवलात, आणि तो बाहेर पडायच्या आधी तुम्ही निघालात?"

"अहो, आवाज खाली. साहेबांनी ऑनलाइन म्हटलं, मी हो म्हटलं. त्या माझ्या 'हो'वर विसंबून ही पोरं आली. चूक मी करायची आणि डबा उचलून घरी त्यांनी जायचं? हे मला जमायचं नाही."

"मग त्यांना सांगा तरी!"

"मुळीच नाही. उपकाराखाली दबलेलं माणूस बिचकत काम करतं. बिचकून चांगला गेम होत नाही. तुम्हीही बोलायचं नाही."

"आणि घरी तुमच्या यजमानांना, अरविंदरावांना, काय सांगणार?"

"सांगते, उद्यापासून भायखळ्याच्या बाजारातून भाजी मी आणेन. तुम्ही आणता ती जून असते."

त्या हसल्या. मला रडू आलं ते मी रस्त्याकडे तोंड करून आवरलं. कंपनीचं पत्रक निघालं, त्यात अर्थातच कुटुंबाला अधिक वेळ देण्यासाठी असंच लिहिलं होतं. मुलांनी त्याचा हवा तो अर्थ लावला. कोणी म्हणालं, मॅडम थकल्या. कोणी म्हणालं, साहेबांनी हाकललं. 'चावीवाला' बाहेर आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्या दिवशी ताई पेढे घेऊन ऑफिसात आल्या होत्या. मुलांनी एकेक पेढा घेतला, "थँक यू मॅडम" म्हटलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. ताई रिकामा होत आलेला खोका हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काम चाललंय, चालू द्या." आणि गेल्या. नंतर ऋतुजा माझ्यासमोर म्हणाली, "आम्हाला ऑनलाइनच्या खड्ड्यात घातलं, आणि वेळ आली तशी हात वर करून निघाल्या. स्वतःचं बरं साधलं." तिचा दोष नाही. तिला जेवढं माहीत होतं त्यावर ती बोलली. पण तो शब्द मला जेवू देत नाही. आणि गंमत पाहा, या ग्रंथाची मांडणी आणि मुखपृष्ठ त्याच तुकडीकडे आहे. जुन्या प्रमुख म्हणून रीत पाळायची, एवढ्याचसाठी.

तर ऋतुजा, हा लेख पानावर लावताना तू वाचशीलच. तुम्हा सगळ्यांची नोकरी राहिली, कारण त्या दिवशी ताईंनी आपली दिली. तुम्ही बिचकून काम करणाऱ्यांपैकी नाही, हे मी दोन वर्षं रोज बघतोय, म्हणून आता सांगितलं. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फणसवाडी परळपासून लांब नाही.

आणि ताई, तुमचा शब्द मी मोडला, तुम्हाला न विचारता मोडला. तुम्ही फोन उचलणार आणि "अहो परब, हे काय केलंत?" म्हणणार. खुशाल म्हणा. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, भायखळ्याच्या भाजीवाल्यांशी घासाघीस करायचा दम कायम राहो. माझ्यावरचा तुमचा राग जायला वर्षं लागतील, हे मला माहीत आहे. ती सगळी तुम्हाला मिळोत, आणि राग गेल्यावरचीही पुष्कळ उरोत.