पेंटरची तहान

पाट्या रंगवण्यात पेंटरचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. परांचीवरून पडून त्याचं कमरेखालचं अंग गेलं, पण ताठा काही गेला नाही. घरापुढच्या दुकानात चाकाच्या खुर्चीत बसून तो पाट्या लिहायचा. लघवीला कायमची नळी होती आणि तिची पिशवी चादरीखाली झाकलेली असायची.

नळी सारखी तुंबायची, ताप भरायचा. बायको बिचारी दवाखान्याच्या खेपा घालून मेटाकुटीला आली होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, तर मूत्राशयात सुपारीएवढा खडा!

"पाणी किती पिता?" बाईंनी विचारलं.

"तांब्याभर देते रोज," बायकोच बोलली. पेंटरने नजर चुकवली. बायकोला कळायचं ते कळलं. तांब्यातलं पाणी गटारात जात होतं.

"गिऱ्हाइकासमोर पिशवी भरते गं," तो पुटपुटला.

"अहो, अब्रूपायी जिवावर उठलात की स्वतःच्या!"

खडा निघाला. पण बाईंनी बजावलं की नळी अशीच आत राहिली तर खडे पुन्हा होतील, मूत्रपिंडंही जातील. त्यापेक्षा दर चार-पाच तासांनी त्याने स्वतः नळी घालावी, लघवी झाली की काढून टाकावी. पिशवी नकोच. "तपासण्या चांगल्या आल्यात, शिकलात तर जमेल," बाई म्हणाल्या.

बिनपट्टीची सरळ रेघ मारणाऱ्या हाताला पहिल्या दिवशी दवाखान्यात नळी काही घालता येईना. त्याने नळीचा ट्रे ढकलून दिला. "मला नाही जमायचं. तूच करत जा."

हो म्हणणं सोपं होतं. तिने मन घट्ट केलं. "मी नाही करणार. मी माहेरी गेले की काय शेजाऱ्यांना हाक मारणार?"

तो चिडला, दोन दिवस नर्सकडून नळी घालून घेत धुसफुसत राहिला. मग हात धुऊन पुन्हा बसला. नर्सने सांगितलं तसं, जेली लावून, हळूहळू, घाई न करता. चुकला, शिव्या घातल्या, आणि शिकला.

आता तांब्या खरोखर रिकामा होतो. परवा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मूत्राशय भरलं तरी त्याला आतून कळत नाही, म्हणून त्याने घड्याळाकडे पाहिलं, ब्रश ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बसा मंडळी, जरा लघवीला जाऊन येतो."

कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. आत भाजी चिरणाऱ्या त्याच्या बायकोचा ऊर मात्र अभिमानाने भरून आला. अपघातानंतर हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उमटलं होतं.