बाज बदलायची ठरली तेव्हा

रंगाच्या डब्याच्या काठावर रोजचा थोडा थोडा रंग सुकून बसतो. वर्षा-दोन वर्षांनी नखानं खरवडला, की सगळे जुने रंग एकावर एक सापडतात. आमच्या पक्षाच्या गोष्टी माझ्याकडं तशाच साठल्या आहेत. मी चौथी शिकलेला पेंटर, बोलणं कमी. पण भिंत रंगवताना माणसाची पाठ लोकांकडं असते आणि लोक पाठीमागं बिनधास्त बोलतात!

पक्ष म्हणजे आमच्या अहमदपुरातली छोटीशी आघाडी. अध्यक्ष बापू, त्यांचं खताचं दुकान. प्रचाराचा ऑटो नूरभाईचा. आमच्या वॉर्डातून उभ्या राहायच्या कांताताई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. वॉर्डातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. निवडून आले तर पहिली आमच्या गल्लीतली उघडी नाली झाकायची, एवढंच त्यांचं म्हणणं. मागच्या वेळी नऊ मतांनी पडल्या. या खेपेला "यंदा शेवटचं," म्हणाल्या होत्या.

चिन्ह बाज. यादीत तिला खाट म्हणतात. दुसरं कुणी मागतच नाही, म्हणून दरवेळी आम्हालाच मिळायची.

*

विरोधी पक्षाचा एक पुढारी चौकात म्हणाला, "बाजेवर पडलेला पक्ष हाय हा, उठणार कधी?" लोक लई हसले.

कांताताई भाजी घेऊन चालल्या होत्या. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, मागच्या वेळी मत मागायला माझ्या दारी आलता, तवा कशावर बसून चहा पिलास?"

पुढाऱ्यानं माईक कार्यकर्त्याकडं दिला!

*

शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका खेड्यात आघाडीचाच माणूस उभा होता. तिथं एका म्हातारीच्या भिंतीवर मी बाज काढली. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पेंटरबाबा, उसं कुठंय?"

"मावशी, चिन्हात उशी नसती."

"बिनउशाची बाज माझ्या भिंतीवर नगं. मान अवघडंल माणसाची."

मला तिचं मन मोडवेना. छोटीशी लाल उशी काढली. दोन दिवसांनी निवडणुकीचे साहेब आले. म्हणाले, चिन्हात फेरफार चालत नाही, पुसा. मी गुपचूप चुना फिरवला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी गल्लीत उभी राहून ओरडत होती, "कुण्या मुडद्यानं उसं चोरलं माझं?"

*

यंदा बापूंनी पुण्याहून एक तरुण सल्लागार आणला. निखिल त्याचं नाव. लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "बाज म्हणजे आळस. आजारपण. आपल्याला इमेज बदलायची आहे."

सुरुवात बापूंपासून झाली. निळं जाकीट, हाताची घडी, मान जरा तिरकी. बसस्टँडसमोर हे एवढं मोठं बॅनर लागलं!

बापूंची आई बाजाराला निघाली होती. बॅनरखाली थांबली. घरी येऊन सुनेला म्हणाली, "काय बोललीस गं त्याला? चौकात रुसून उभा हाय!"

संध्याकाळी बॅनर उतरवायला मलाच शिडी घेऊन जावं लागलं.

*

मग चिन्हाची मीटिंग झाली. निखिलनं पडद्यावर तीन चित्रं दाखवली. लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि सीसीटीव्ही कॅमेरा. कॅमेऱ्यावर त्याचा फार जीव. म्हणाला, "पारदर्शक कारभार! जनतेची नजर!"

नूरभाई हात वर करून उठला. "साब, मत टाकताना वरून कॅमेरा बघून राहिला म्हटलं, तर आमची अम्मी बटन न दाबताच घरला येईल!"

बापू म्हणाले, "नूरभाई, जमाना बदलला."

"जमाना बदलला, अम्मी तर तीच हाय ना!"

तरी कॅमेरा ठरला. बाहेर आल्यावर कांताताई मला म्हणाल्या, "पेंटरदादा, माझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या यंत्रावर बाजच हुडकतील ओ. नऊ मतं हायती का नव्वद, कुणाला ठाऊक."

मी ब्रश धुवत राहिलो.

*

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी तीनपर्यंत. अर्जात तीन चिन्हं पसंतीच्या क्रमानं लिहायची होती. तो रकाना निखिल स्वतः भरणार होता, म्हणून आम्ही सगळे कांताताईंच्या अंगणात जमलो.

पोरगा रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याहून लातूरला आला, तिथून उभ्यानं एसटीनं अहमदपूरला. डोळे लाल. कांताताईंनी लिंबाखाली बाज टाकली. "बस लेकरा, चहा टाकते. थांब, वाकळ आणते." त्या वाकळ घेऊन येईपर्यंत हा आडवा झालेला! सुतळीवर गाल टेकवून घोरत होता.

एक वाजला. दीड वाजला. बापू घड्याळ बघून म्हणाले, "उठवा त्याला."

कांताताईंनी बोट ओठांवर ठेवलं. "बापू, हळू बोला. लांबून आलंय लेकरू."

"अन् अर्ज?"

त्यांनी निखिलच्या बाजूला पडलेला अर्ज अलगद उचलला, चष्मा घेतला आणि नूरभाईला खूण केली. ऑटो गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही ढकलत नेला. आवाज नको म्हणून!

साडेतीनला परत आलो. ऑटोच्या आवाजानं निखिल दचकून उठला. गालभर सुतळीची वीण उमटली होती, एकेक चौकडी मोजून घ्यावी अशी.

"किती वाजले? अर्ज कुठंय? ताई, चिन्ह कोणतं लिहिलंत?"

कांताताई चहा टाकायला आत गेल्या. बापू चपलेकडं बघत राहिले.

नूरभाईनं ऑटोचा आरसा त्याच्याकडं वळवला.

"बघा साब."