मला कारलं सोडायचं होतं

लढाई चालू असताना माझा थोरला भाऊ फौजेत होता आणि डोकं माझं दुखत होतं.

दादा समुद्रापलीकडे कुठंतरी होता. कुठं, ते लिहायची परवानगी नव्हती. पण महिन्याला एक पत्र नेमानं यायचं. कडेगावहून पोस्टमन आठवड्यातून दोनदा सायकलवरून यायचा, आणि त्याची घंटी वाजली की गावातल्या निम्म्या घरांत हातातली कामं थांबायची. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे पत्र वाचून दाखवायचा मान माझ्याकडे होता. (पत्र न रडता वाचावं लागतं. मला ते जमत नसे, पण गावाला दुसरा वाचणाराही मिळत नसे!)

एकदा दोन महिने उलटले तरी पत्र आलं नाही. घंटी वाजली की वहिनी गोठ्यातून दारापर्यंत यायची आणि सायकल पुढं गेली की परत जायची. तिचं ते येणं-जाणं मला बघवत नसे. शेवटी एका मंगळवारी आईनं सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं बसवलं.

"शंकरचं पत्र येस्तवर हरेकानं आपल्या जिवाभावाची एक वस्तू सोडायची," ती म्हणाली. "मी चटणी सोडली. नुस्ती मीठभाकरी खाईन."

वहिनीनं गूळ सोडला, तोही गुऱ्हाळं चालू असताना. आबांनी तंबाखू सोडली. आबा म्हणजे माझे वडील, पहिल्या लढाईतले पेन्शनर हवालदार. तंबाखूशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळेच हेलावलो. मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"मी कारलं सोडतो," मी गंभीरपणे म्हणालो.

"कारलं तू कवा खाल्लंयस रं?" आईनं विचारलं.

वहिनीनं मान खाली घातली. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलेला माणूस नेहमी गरजेपेक्षा मोठं बोलतो. "मग चहा सोडला," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मनातून मी खूश होतो. चहाचं काय, कढवलेलं पाणी! फौजेतून आबांनीच ती सवय घरात आणली होती. आमच्याकडे चहा कपानं नाही, तांब्यानं मोजत. माझेच दिवसाला सहा-सात कप व्हायचे, पण श्वास किती घेतो हे जसं कुणी मोजत नाही तसे ते मी कधी मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी ते सकाळीच उठलं, माझ्याआधी. चौथ्या दिवशी पोरं पाढे म्हणत होती आणि प्रत्येक पाढा माझ्या कवटीत खिळ्यासारखा बसत होता. मी त्यांना मनातल्या मनात पाढे म्हणायला सांगितलं. पोरांनी एवढा चांगला मास्तर आजवर पाहिला नव्हता.

"पोराचं डोस्कं लय दुखतंय," आई आबांना म्हणाली. "एक तिकडं, एक इकडं. मी कुणाकुणाचा घोर करू?"

हे ऐकून आबांनी फौजेचा कोट अंगात घातला आणि मला सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या काळी मोटारी कोळशावर चालत. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. मी एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं मोटार ढकलत सांगलीला पोचलो.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ पाहिली आणि हात धुतले.

"काही झालेलं नाही."

"डोकं दुखतंय, साहेब."

"या वयात डोकं दुखत नसतं."

"पण दुखतंय."

"दुखत नसतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मास्तर ना तुम्ही? रजा पाहिजे असेल तर तसं सांगा."

आबा ताडकन उभे राहिले. "साहेब, आमच्या घरात रजेसाठी कुनी दुखणं काढत न्हाई. माझा थोरला दोन वरसं घरी आलेला न्हाई."

डॉक्टर जरा वरमले असावेत. त्यांनी तीन कप चहा मागवला. वाफाळता, वेलची घातलेला. त्याच्या नुसत्या वासानं माझं डोकं कान टवकारून उठून बसलं. पण माझ्या डोळ्यांपुढं दारापर्यंत येणारी वहिनी आली.

"मी घेत न्हाई, साहेब. आठवडा झाला, सोडलाय."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. "चहा फार वाईट. तब्येतीसाठी सगळ्यांत चांगली गोष्ट केलीत." आणि त्यांनी माझाही कप पिऊन टाकला.

घरी आलो तो दुखणं दुप्पट. मोठा डॉक्टर काहीच झालं नाही म्हणतो, म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार, यावर गावाचं एकमत झालं. वहिनीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आईनं कपाळावर सुंठेचा लेप थापला. तो वाळला की चेहरा आक्रसायचा आणि मी सतत संतापलेला दिसायचो. शाळेत पहिलीची दोन पोरं मला पाहून रडली.

दहाव्या दिवशी वडूजकडून मामा आले. मामांची मेंढरं असत आणि मेंढरांच्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे औषध असे. त्यांचे रोगी बोलत नसत, त्यामुळे औषध चुकलं असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून इकडंतिकडं फिरवलं.

"भाच्या, एवढ्या केसांतनं औशिद आत शिरंल कसं? आदी ही लोकर उतरव."

ओढ्याकाठी करंजाखाली न्हावी बसायचा. मामांनी मला तिथं नेऊन माझं डोकं तासून घेतलं. न्हाव्यानं विचारलं, "मिशी ठिवू न्हवं?" मामा म्हणाले, "कशाला? उष्णता तितनंबी चढती." मिशी गेली. हजामत झाली म्हणून मी ओढ्यात बुचकळी मारली. मग मामांनी वाटलेली मोहरी आणि लसूण यांचा गोळा माझ्या गुळगुळीत टाळूवर चोळला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"आता घरी जाऊन पड," मामा म्हणाले. "मी वरनं लावायला शेळीचं दूध घिऊन येतो."

आता तुम्हीच विचार करा. ज्या घरातला मुलगा लढाईवर आहे आणि ज्याचं दोन महिने पत्र नाही, त्या घरातला धाकटा भाऊ डोईमिशी काढून, ओल्या धोतरानं, घळाघळा रडत ओढ्याकडून घराकडे चालला आहे. शेजारच्या पारूकाकू पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि भरलेली घागर खाली ठेवली. मी बोलायच्या अवस्थेत नव्हतो. नुसता हात हलवला, मान हलवली आणि पुढं गेलो. माझ्या एवढ्याच वागण्यानं त्यांची खात्री पटली, हे मला नंतर कळलं.

मागल्या दारानं मी आत गेलो. घरातल्या कुणी मला पाहिलं नाही. तोंडावर घोंगडं घेतलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली.

जाग आली ती रडण्याच्या आवाजानं. सोपा बायकांनी भरला होता. आई मधोमध बसून त्यांच्याबरोबर रडत होती. कोण गेलं ते तिला माहीत नव्हतं, पण एवढ्या बायका आपल्या दारी येऊन रडतात म्हटल्यावर आपण कोरडं बसणं बरं दिसत नाही. ती मधेच पदर डोळ्यांवरून काढून, "पर गेलं कोण गं?" असं विचारायची आणि त्यावर बायका आणखी जोरात रडायच्या. मलाही वाटलं, आपल्या भावकीत कुणीतरी गेलेलं दिसतंय. म्हणून मी रीतीप्रमाणे खाली मान घालून कोपऱ्यात जाऊन बसलो.

माझी टाळू उजेडात आली आणि सोप्यात हलकल्लोळ झाला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम बसला. "दत्तू, डोई का केलीस रं?"

"डोस्कं दुखतंय म्हणून."

"सांगवंना व्हय पोराला," पारूकाकू हुंदका देत म्हणाल्या.

आबा आतून आले. पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले. "दत्तू, रपोट दे," ते म्हणाले. "खरा रपोट दे."

"आबा, डोस्कं दुखतंय."

"त्यो रपोट मला सांगलीच्या आदीपासनं ठावं हाय. दुसरा सांग."

तेवढ्यात बायकांतून वाट काढत वहिनी पुढं आली. ती रडत नव्हती. तिच्या हाताला शेण तसंच होतं. "भावजी, तार आली का?"

"न्हाई, वैनी. गळ्याशपथ न्हाई."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"मोहरी हाय."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता आणि अविश्वास तिला परवडत नव्हता. मला माझी इतकी लाज वाटली की तेवढा वेळ डोकं दुखायचंही थांबलं.

याच वेळी मामा शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन दारात आले. भरलेला सोपा पाहिला, तांब्या खाली ठेवला आणि मोठ्यानं गळा काढला, "शंकर, माज्या लेकरा रं!"

"मामा," मी ओरडलो, "माझं डोस्कं तुमीच तासाय लावलं न्हवं?"

"व्हय की."

"औषधासाठी?"

"व्हय. पर गेलं कोण?"

"कुनी न्हाई."

"मग या का रडत्यात?"

"माझं केस गेलं म्हणून!"

बायका पारूकाकूंकडे पाहू लागल्या आणि पारूकाकू आपली घागर रस्त्यातच राहिल्याचं आठवून उठू लागल्या. वहिनी मात्र जागची हलली नाही.

तेव्हा घंटी वाजली. अर्धीच. पोस्टमननं गर्दी पाहून ती हातानं दाबून धरली होती. तो टोपी काढून पाय न वाजवता आत आला आणि त्यानं माझ्या हातात पत्र दिलं. अक्षर दादाचं होतं.

"तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार," मी वाचायला लागलो. "मी खुशाल आहे."

वहिनी उभी होती तिथंच खाली बसली. आईनं देव्हाऱ्याकडे हात जोडले. बायका पुन्हा रडल्या, पण आता सुटल्यासारख्या. मी मनगटानं डोळे पुसले आणि पुढं वाचत राहिलो.

"आमचा मुक्काम हलला म्हणून पत्र टाकता आलं नाही. बाकी सर्व ठीक. फक्त मध्यंतरी आठ दिवस चहा मिळाला नाही, तर साऱ्या कंपनीची डोकी फुटायची वेळ आली. आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, रोजचा चहा एकदम तुटला की असं होतं. चहा आला आणि पाव घंट्यात सगळे बरे झाले."

मी थांबलो.

"फुडं वाच," आबा म्हणाले.

"संपलं."

"भावजी," वहिनी म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती, पण नजर पत्रावरच होती. "अजून चार वळी हाईत की."

मी घसा साफ केला. "दत्तूला सांगावे की त्याने चहा कधीही एकदम सोडू नये. त्याला सवय फार, आणि डोके पहिल्यापासून नाजूक."

सोप्यातल्या सगळ्या नजरा हळूहळू माझ्या टाळूवर येऊन बसल्या. तिच्यावर मोहरीचा लेप होता आणि मामा वरून शेळीचं दूध ओतू की नको अशा विचारात उभे होते. पहिली हसली ती वहिनी. तोंडाला पदर लावून, खांद्यापासून हलत, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग आई हसली, बायका हसल्या, पोस्टमनही हसला. एवढं तुळतुळीत डोकं करून घेतल्याचं मला त्याच वेळी काय ते समाधान वाटलं.

रडायला आलेल्या सगळ्यांना चहा झाला. वहिनीनं गुळाचा खडा तोंडात टाकला. आबांनी कमरेची चंची सोडून तंबाखू मळली. दहा दिवस सोडलेल्या माणसाच्या चंचीत इतकी ताजी तंबाखू कुठून आली, ते कुणी विचारलं नाही. मी तांब्याला तोंड लावलं आणि पाव घंट्यात डोक्याचं दुखणं उतरलं.

"माज्या औशिदाला येळ लागतो," मामा सर्वांना म्हणाले, "पर गुण येतो."

पुढं सहा महिन्यांनी दादाचं पत्र पुन्हा लांबलं. आईनं पुन्हा सगळ्यांना देव्हाऱ्यापुढं बसवलं. तिनं चटणी सोडली, वहिनीनं गूळ, आबांनी तंबाखू. माझे केस आता चांगले वाढले होते, मिशीही आली होती. मी पुढं सरकलो आणि बोलायला तोंड उघडलं, तोच आईनं माझ्या दंडाला धरलं.

"तू कारलं सोड, बाबा," ती काकुळतीनं म्हणाली. "देवाला मी सांगते."

लढाई संपली आणि दादा धडधाकट घरी आला. आता तो पेन्शनीत आहे, नातवंडं खेळवतो, दिवसभर चहा पितो. मी मात्र अजून कारल्याला शिवलेलो नाही. उगाच जोखीम कशाला घ्या?