आईसाठी सरकवलेली बॅटरी

आईला रस्त्यात लघवीला जाता यावं, म्हणून माझ्या वडिलांनी ट्रेलर बांधला.

लाजायचं काय त्यात? आप्पा नाही लाजले, मी कशाला लाजू?

पॅरालिसिसनंतर आईचा डावा पाय ओढतो. ढाब्यावरच्या संडासात तिला बसता येईना. तीन वर्षं ती शिक्रापूरच्या घरातून हलली नाही. दौंडची मावशी फोनवर रडायची, "ताई, एकदा ये गं."

आप्पा कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "हिला दौंडला नेणार म्हंजी नेणार."

जीपमागं ओढायचा छोटा ट्रेलर. आत कमोड, धरायला स्टीलचा रॉड, एक पलंग, पंखा, पाण्याची मोटर. त्यासाठी भली मोठी बॅटरी. ती बसवली पुढं, हुकाच्या दांडीवर.

जोडला, तर जीपचं बूड खाली बसलं आणि स्टेअरिंग हलकं झालं.

आप्पांचं लहानपण केंदूरला बैलगाडी हाकण्यात गेलेलं. "धुरजड झालंय. बैलाच्या मानेवर भार न्हाई ठेवायचा," म्हणाले, आणि बॅटरी उचलून पार मागच्या टोकाला नेली.

"आप्पा, आधी नेटवर बघू या ना."

"तुझं नेट कवा गाडी जुपाय गेलं हुतं?"

न्हावऱ्याच्या रस्त्याला ट्रायल घेतली. चालवत मी होते. बाजूनं ट्रक गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडं हलायला लागला. नशीब, आईला घेतलं नव्हतं.

कडेला थांबलो. आप्पा उतरून मागं गेले, परत आले.

मग म्हणाले, "चुकलं माझं. भार मागं जास्त झाला. बैलगाडी मागं उलाळली, तर गाडीवान पुढं सरकून बसतो. हितं सरकाय कोण बसलंय?"

आप्पांच्या तोंडून 'चुकलं' मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून कांद्याचा वजनकाटा आमच्या दारात. पाण्याची टाकी भरायची, दांडी काट्यावर टेकवायची, बॅटरी वीतभर सरकवायची, परत वजन. शेवटी चाकांच्या जरा पुढं, पलंगाखाली जागा सापडली. दांडीवर भार राहिला, पण बेताचा. मग नव्या जागेपर्यंत पोचेल अशी जाड केबल, बॅटरीला बंद पेटी, गॅस बाहेर जायला नळी.

"बास की आता, आप्पा."

"तुझी आई बसणार हाय त्यात."

पुन्हा ट्रायल. या वेळी ट्रेलर मुकाट मागून आला. सोमवारी दौंडला निघायचं ठरलं.

रविवारी सकाळी आप्पा गेले. हार्ट अटॅक.

वर्षभर आईनं ट्रेलरकडं बघितलंसुद्धा नाही. मी विकायचा विषय काढला, तर समोरचं ताट सारून उठली.

आज वर्ष झालं. नैवेद्य दाखवून झाला आणि आई म्हणाली, "हूक लाव."

"आज?"

"आजच. किती सोमवार घालवायचे अजून?"

न्हावऱ्याच्या पुढं तिनं थांबायला सांगितलं. रॉड धरून एकटी चढली. दार आतून लावून घेतलं. मी रस्त्यावर उभी, जीव मुठीत धरून.

"आई, जमतंय का?"

"जमतंय. तू हो बाजूला."

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"माझ्या गुडघ्याच्या मापानं उंची घेतलीय गं त्यांनी. कवा मोजली, मला कळलंबी न्हाई."

मी तिथंच रडले. तिनं पाठीवर धपाटा घातला. "चल, गाडी काढ."

आप्पा, आई दौंडला पोचली. मावशीनं अजून मिठी सोडलेली नाही.

तुम्हाला आम्हा दोघींचा नमस्कार.