चेष्टा

अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. कोलकात्यातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी पाहुणा हे सांगतोच, आणि पहिल्या रांगेतले माझे बाबा दरवेळी नव्याने ऐकल्यासारखी मान डोलवत. त्यांच्या अक्षरांचा क्षय एका सकाळी दाढी आणि आंघोळ यांच्या मधल्या वेळात झाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला आलेला झटका सौम्य आहे. हातपाय चालत होते. फक्त समोरचा मजकूर वाचता येईना, आणि गार्डन रीचच्या कचेरीत जन्म घालवून कमावलेली बंगाली, हिंदी, इंग्रजी विरून गेली. उरली मराठी, तीही अडखळत.

बेहाला भागातल्या आमच्या घरी डॉक्टरांनी सुचवलेल्या एक तरुण बाई चित्रांची कार्डं घेऊन येऊ लागल्या. वर चित्र, खाली शब्द. आधी चित्राच्या आधाराने शब्द ओळखायचा, मग चित्र थोडंथोडं झाकत जायचं. बाई मायाळू होत्या, बाबांना मेशोमोशाय म्हणजे काका म्हणायच्या. बाबा अडले की म्हणायच्या, "चेष्टा कोरुन, मेशोमोशाय. आर एकटू चेष्टा."

एके दिवशी बाबा मध्येच उठून आत गेले.

"ही पोरगी माझी चेष्टा करते," ते आईला म्हणाले. "वर मलाही करायला सांगते."

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला हे बाबांनीच शिकवलं होतं. पहिलीत असताना वर्गातल्या बाई सारखं 'चेष्टा करो' म्हणतात म्हणून मी रडत घरी आले होते, तेव्हा त्यांना हसू आवरेना.

"बाबा, प्रयत्न करा असं म्हणतायत त्या," मी म्हणाले.

"तू तिची बाजू घेऊ नकोस."

बाईंना मी कारण सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या 'ट्राय' म्हणायला लागल्या, पण बाबा खोलीबाहेर येईनात. शेवटी बाईंचं येणं थांबलं.

मग मीच मराठीत कार्डं केली. चित्रकलेत मी कायम काठावर पास. माझ्या गाईला बाबा टेबल म्हणाले, त्यात त्यांचा दोष नव्हता. छत्री, चष्मा, चहा मात्र त्यांना चटकन ओळखता येत. चित्र झाकलं की लग्नघरात एखादे दूरचे नातेवाईक ओळख सांगू लागले तर आपण पाहतो, तसे ते शब्दाकडे पाहत. सभ्यपणे.

एका दुपारी मी चित्र पूर्ण झाकलं आणि बाबा म्हणाले, "चहा."

आई पोळ्या टाकून बाहेर आली. "अहो, परत म्हणा."

"चहा."

तिने डोळ्यांना पदर लावला. पोळी जळल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. मला मात्र खात्री करून घ्यायची होती. मी कोऱ्या कार्डावर तोच शब्द लिहून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यात कपाच्या बुडाचा तपकिरी गोल डाग होता. आईच्याही ते लक्षात आलं. तिने नवं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे फाडून टाक. डागाचंच राहू दे."

"अगं आई, ते डाग वाचतायत."

"वाचतायत ना?"

त्यानंतर आई रोज दुपारी तेच कार्ड धरायची, बाबा वाचायचे, आणि ती आधण ठेवायला जायची. बाकीची कार्डं मी नंतर दाखवली नाहीत. त्यांनीही विचारलं नाही.

ते पौषात गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती की शेवटच्या दुपारीही त्यांनी वाचलं होतं. लोक माना डोलवत होते; काय वाचलं, हे कुणी विचारलं नाही.

तो डाग माझ्या कॉफीचा होता.