कडीवाले मामा

आमच्या कडीवाल्या मामांइतका दारांचा पारखी साऱ्या खानदेशात झाला नसेल. ते कुणाचे मामा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. डोक्यावर परिणाम झाला म्हणून घरच्यांनी त्यांना दोन वर्षं खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती म्हणे. तिथून सुटले ते चालत चालत शिरपूरजवळच्या आमच्या गावात आले नि चावडीच्या ओट्यावर बसले. पहिल्या दिवशी पाटलांनी जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरानं, आणि तशीच त्यांची घरोघर पाळी लागली. पुढं दर घरी पाच दिवस मुक्काम ठरला.

नव्या घरी गेले की आधी पाणीसुद्धा घेत नसत. दाराशी उभे राहून विचारत, "कडी बाहेरनी शे का मझारनी?" आतली आहे म्हटलं तरी स्वतः चारदा वरखाली करून बघत. ज्या घरी मामा, त्या घराचं दार सताड उघडं, हा गावचा कायदाच झाला. आमच्या मारवाडी शेठजींनी एकदा सवयीनं कडी घातली, तर दुसऱ्या दिवशी ती उखडलेली कडी ज्वारीच्या कणगीत सापडली. तेव्हापासून मामांच्या पाळीत शेठजी उंबऱ्यावरच अंथरूण घालत. गंमत म्हणजे चोरी कधी झाली नाही, कारण मामा कुत्र्यालासुद्धा "कोन शे?" असं दरडावत.

एका हिवाळ्यात प्रांतसाहेब दौऱ्यावर आले. जेवून तंबूत परततात तो त्यांच्या खाटेवर मामा पसरलेले! "इतलं चांगलं घर कधी देखं नही," मामा खुशीत म्हणाले, "कडीच नही!" साहेब भडकले. वेड्याला कुणी नातेवाईक असेल तर त्यानं पुढं यावं, नाहीतर उद्याच त्याची इस्पितळात रवानगी, असा त्यांनी हुकूम सोडला. तिथं तर साऱ्या कड्या बाहेरूनच!

"हाऊ मना मामा शे, साहेब," पाटील पुढं झाले.

"साब, मामा तो हमारे हैं," शेठजी धापा टाकत आले.

मी गावचा मास्तर, खोटं कसं बोलावं या विवंचनेत उभा. तेवढ्यात कधी चावडीकडे न फिरकणारी माझी आई डोक्यावरचा पदर सावरत पुढं गेली. "मना भाऊ शे हाऊ," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर, तुमचे मामा?"

"हो साहेब. सख्खे!"

साहेबांना हसू आवरेना. "घेऊन जा बाबांनो," ते म्हणाले. सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच आज मामांना कुणी न्यायचं यावरून पाटील नि शेठजी भांडायला लागले. मामा मात्र तंबू सोडायला तयार नव्हते.

पुढं माझी धुळ्याला बदली झाली. मामाही गेले, अगदी शेठजींच्या उघड्या दारात, शांतपणे. परवा गावी मुक्कामाला होतो. निजताना कडी लावायला उठलो, तर आई अंथरुणातूनच म्हणाली, "राहू दे रे, आज आपली पाळी शे."

मी तसाच परत येऊन पडलो. खूप दिवसांनी छान झोप लागली.